झेलिंदाचा धूर

झेलिंदा पिएरोनी जन्मली तेव्हा सुईणीने तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या. पोरगी रडायच्या आधी शिंकली आणि सुईणीच्या तोंडावर थुंकली. हे सुईणच सांगायची, तेव्हा त्यात खरं किती आणि मीठमसाला किती ते तिचं तिला माहीत. पण सास्सोरोन्कोत ही गोष्ट कुणाला खोटी वाटली नाही, कारण पुढे आयुष्यभर झेलिंदाने सगळ्या गावाशी साधारण तसंच केलं.

सास्सोरोन्को म्हणजे डोंगराच्या कुशीत चढत गेलेली एक गल्ली. खालच्या टोकाला चर्च, मध्ये पाण्याची कुंडी, वरच्या टोकाला एक दगडी कमान. कमानीला चिकटून झेलिंदाचं घर. गावाबाहेर ओढ्यापलीकडे जायचं तर त्या कमानीखालूनच जावं लागतं, त्यामुळे कोण कुठे निघाला आणि कुठल्या तोंडाने परत आला, हे झेलिंदाला चुलीपुढे बसल्या बसल्या कळायचं. आणि तिला कळलं की ती बोलायची.

आमच्याकडे गहू होत नाही. होतो तो चेस्टनट. गावाच्या वर सगळं रान त्याचंच आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडं. त्याच्या पिठाची भाकरी आम्ही खातो, पाल्याच्या गाद्यांवर झोपतो, टरफलं जाळतो, उरलंसुरलं डुकरांना घालतो, आणि मेल्यावर त्याच लाकडाच्या पेटीतून जातो. खाली दरीत कागदाची गिरणी झाली, रेल्वे आली, तिथले लोक आम्हाला पीठखाऊ म्हणून हसतात. हसोत. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात हेच हसणारे लोक चादरी, घड्याळं, शिवणयंत्रं पाठीवर घेऊन डोंगर चढून आले होते, पीठ मागायला. एकाने तर पितळेची तुतारी आणली होती. झेलिंदाने त्याला पीठ दिलं आणि तुतारीही परत दिली. म्हणाली, ''वाजवत जा. म्हणजे खालच्यांना कळेल कुठून खाऊन आलास.''

हे रान कुणा एकाचं नाही, गावाचं आहे. कुठली झाडं कुणी वेचायची ते घराण्यागणिक ठरलेलं, पण जमीन सगळ्यांची. आणि गाव म्हणजे कोण, हे आमच्याकडे धुरावरून ठरतं. संत मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरात, सकाळी गावातले पुरुष पाद्रीबाबांना घेऊन ओढ्यापलीकडच्या बोकडाच्या खडकावर चढतात आणि तिथून गावाकडे बघतात. ज्या छपरावर धूर दिसेल त्या घराला रानाच्या कारभारात वर्षभर तोंड, म्हणजे मत. ज्याने घराला कुलूप लावून अर्जेंटिना गाठली, त्याचं तोंड बंद. एरवीच्या गोष्टी बहुमताने होतात, पण रान विकायचं, तोडायचं असेल तर सगळ्या धुरांचा होकार लागतो. एक धूर जरी नाही म्हणाला तरी संपलं.

ही रीत कुठून आली याची एक गंमत आहे. जुन्या काळी खालच्या सरदाराचे लोक त्याच खडकावर उभे राहून धूर मोजायचे आणि चुलीमागे कर घ्यायचे. तेव्हा आमच्या पणज्या-खापरपणज्या त्या दिवशी चुलीवर पाणी ओतून, पोरं पोटाशी घेऊन कुडकुडत बसायच्या. सरदार गेला, मोजणी राहिली. मग ज्याच्या घरात धूर त्याचाच मान झाला, आणि चूल विझवणं हे अपशकुनी ठरलं. आजही कुणाची चूल विझली तर ती काडीने पेटवायची नाही, शेजारच्या घरून विस्तव मागून आणायचा. विस्तव न्यायला प्रत्येक घरात कान असलेलं मातीचं मडकं असतं. थंडीत बायका तेच मडकं शालीखाली धरून चर्चमध्ये बसतात.

झेलिंदाचा बाप प्लॅस्टरचे पुतळे विकायचा. डोक्यावर फळी, फळीवर संत, राजे आणि मान डोलावणारी मांजरं. आमच्या भागातले पुष्कळ पुरुष असे जग हिंडायचे. झेलिंदा चालायला लागली त्या वर्षी तो फळी घेऊन गेला, तो कुठल्या बंदरात उतरला, कुणाच्या घरात राहिला, देवाला ठाऊक. तिची आई केरुबिना रडत बसली नाही. गल्लीच्या खालच्या टोकाला तिच्या माहेरचा मेतातो होता, म्हणजे चेस्टनट वाळवायची दगडी खोली. खाली जमिनीवर ओंडके धुमसत ठेवायचे, वर माणसाच्या डोक्याहून उंच लाकडी जाळीवर चेस्टनट पसरायचे. त्या खोलीला धुराडं नसतं. धूर छपराच्या दगडी फरश्यांमधून जागा मिळेल तिथून बाहेर पडतो. केरुबिना सगळ्या गावाचे चेस्टनट तिथे वाळवून द्यायची आणि प्रत्येक घरामागे टोपलीभर ठेवून घ्यायची. त्यावर तिने झेलिंदाला वाढवलं. पुढे मेतातो झेलिंदाकडे आला.

तिचं लग्न दुइलियो लेमेत्तीशी झालं. दुइलियो मोठा गोड माणूस. गाणं म्हणायचा, आणि इतकं बेसूर म्हणायचा की झेलिंदा म्हणे, ''यांच्या गाण्याने कोल्हे लांब राहतात, म्हणून मी काही बोलत नाही.'' त्याला ती जन्मात एकदाही नाही म्हणाली नाही, असं तिची धाकटी जाऊ ओलिवा सांगते. एकदा मात्र म्हणायला हवं होतं. शेजारच्या वाल्दिमेले गावाने आपलं रान कारखान्याला विकलं. चेस्टनटच्या लाकडाचा अर्क काढतात, त्याने कातडी कमावतात. तोडणीला मजूर हवे होते. दुइलियो कुऱ्हाड घेऊन गेला. नाही हा शब्द झेलिंदाच्या ओठांवर आला होता, पण घरात मीठ नव्हतं म्हणून ती गप्प राहिली. उतारावरून एक ओंडका सुटला आणि दुइलियो त्याच्या वाटेत होता.

त्याच्यामागून वाल्दिमेले गेलं. झाडं गेल्यावर दोन पावसाळ्यांत उतार घसरला, झऱ्याला गढूळ पाणी आलं, आणि कारखान्याने दिलेले पैसे खाऊन झाल्यावर लोक पांगले. झेलिंदा तिथे एकदा दुइलियोची कुऱ्हाड आणायला गेली होती. घरांच्या दारांत खाजरी झुडपं उगवली होती आणि चर्चची घंटा कुणीतरी उतरवून नेली होती. तिथून ती परतली ती अशी, की तिच्यापुढे कारखान्याचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

लढाई संपून काही वर्षं झाली आणि तोच कारखाना आमच्या दारात आला. चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ खेचरावरून वर आला, बुटांची अवस्था बघून हळहळला, आणि कुंडीपाशी उभा राहून त्याने गावाला सांगितलं की रान द्या, आम्ही रस्ता देऊ, वीज देऊ, तोडणीचं काम देऊ. पुरुषांनी टोप्या काढून ऐकलं. गावाचा मुखिया तेव्हा सेत्तिमियो होता, दुइलियोचा धाकटा भाऊ, झेलिंदाचा दीर. ताडमाड उंच माणूस, कमानीखालून जाताना मान वाकवल्याशिवाय जमायचं नाही.

तो काही दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. त्याची दोन्ही पोरं बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत होती. थोरल्याला खोकला लागला होता.

एका संध्याकाळी तो झेलिंदाच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

''वहिनी, सगळे हो म्हणालेत.''

''सगळे म्हणजे किती टोप्या?''

''थट्टा सोडा. तुमचा एकटीचा धूर राहिलाय. रस्ता झाला तर पोरं परत येतील.''

''कशाला येतील? बोडका डोंगर बघायला?''

''कामाला येतील! इथे आहे काय? पीठ! सकाळी पीठ, दुपारी पीठ, संध्याकाळी पीठ!''

''लढाईत त्या पिठावर तुम्ही कसे टुणटुणीत राहिलात, भावजी! गळ्यापर्यंत खायचात. मी वाढलंय ना.''

सेत्तिमियो उठला. ''दुइलियो असता तर हो म्हणाला असता.''

झेलिंदाच्या हातात पळी होती. ती तिने खाली ठेवली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

''ते हो म्हणाले होते,'' ती म्हणाली. ''म्हणून ते नाहीत. माझं उत्तर नाही आहे. आज नाही, मार्टिनच्या दिवशी नाही, आणि तुम्ही माझ्या पेटीला खिळे ठोकायला याल तेव्हा आतून नाही.''

त्या शरदात गाव विचित्र झालं. पुरुषांनी ठरवून टाकलं की रान आता जाणारच, मग मेतातोसाठी ओंडके तोडायचे कशाला? एकानेही कुऱ्हाड उचलली नाही. बायका मात्र रोजच्यासारख्या रानात गेल्या. काटेरी बोंडं पायाने फोडायची, लाल झालेल्या बोटांनी चेस्टनट उचलायचे, पोती पाठीवर घेऊन उतरायचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात घराचं तोंड म्हणजे पुरुषाचं तोंड, फक्त विधवेला स्वतःचं असतं. रोममध्ये सरकार निवडायला बायका मत देऊ लागल्या होत्या, पण बोकडाच्या खडकापर्यंत ती बातमी चढली नव्हती. पोती घराघरांत साचली. ओले चेस्टनट आतून गरम व्हायला लागले, त्यांना आंबूस वास यायला लागला. कुंडीवर कपडे धुताना बायका एकमेकींकडे बघायच्या, झेलिंदाकडे बघायच्या, आणि जोरजोरात कपडे आपटायच्या. तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. झेलिंदाला त्यांचा रागच यायचा. नवऱ्याच्या शर्टाला बडवण्यात काय पुरुषार्थ, असं तिला वाटायचं.

संत मार्टिनची सकाळ निरभ्र उजाडली. थंडी होती, वारा नव्हता, धूर सरळ उभा राहील असा दिवस. झेलिंदाने बाहेर पुरुषांच्या नालांच्या बुटांचा आवाज ऐकला. कमानीखालून सगळे खडकाकडे निघाले होते. सेत्तिमियोचा आवाजही त्यात होता, नेहमीपेक्षा जरा मोठा. तिने राखेखालचे निखारे उकरले, वर काटक्या आणि सुकी टरफलं घातली, फुंकणीने फुंकलं. जाळ झाला आणि सगळा धूर तिच्या तोंडावर आला.

तिने पुन्हा फुंकलं. धूर खोलीत भरला. कोंबड्या ओरडत दारातून बाहेर पळाल्या आणि त्यांच्यामागून डोळे चोळत, खोकत झेलिंदा. गल्लीत उभी राहून तिने वर पाहिलं. धुराड्याच्या तोंडातून गोणपाटाचं एक टोक बाहेर लोंबत होतं. पोतं चांगलं ओलं करून आत कोंबलं होतं.

छप्पर उंच, शिडी सेत्तिमियोकडे, आणि तिचे गुडघे असे की चर्चच्या पायऱ्यासुद्धा ती देवाला दोन शब्द सुनावत चढायची. दारातून, खिडकीतून धूर येत होता, पण भिंतीला लागून पसरत होता आणि विरत होता. खडकावरून तो दिसणार नाही. तिचं छप्पर धुराशिवाय मोजलं जाईल, म्हणजे मोजलंच जाणार नाही. दुपारपर्यंत कुंडीपाशी सगळ्या धुरांचा होकार होईल आणि पुढच्या महिन्यात कुऱ्हाडी. तिला वाल्दिमेलेची दारं आठवली. मग तिला असा संताप आला की थंडी कुठल्या कुठे गेली.

''अरे गाढवांनो!'' ती रिकाम्या गल्लीत ओरडली. ''वर चढून चोरासारखं धुराडं बुजवलंत! माझ्या आईच्या मेतातोला धुराडं आहे कुठे बुजवायला?''

तिने मडक्यात निखारे भरले, वर राख पसरली. मग एक क्षण थांबली, खोलीत परत गेली, आणि पलंगावरची गादी ओढून काढली. नियम तिलाही माहीत होता. जिथे माणूस शिजवतो आणि झोपतो त्याला घर म्हणतात. म्हणजे नुसता धूर करून भागणार नव्हतं. एका हातात मडकं, दुसऱ्या हाताने गादी ओढत ती गल्लीतून खाली निघाली. गादी दगडांवर आपटत होती, शिवणीतून पाला सांडत होता.

नुन्त्सियाता आपल्या दारात उभी होती. गावात सगळ्यात मोठा आवाज तिचा, आणि पोटात काही न ठेवण्याबद्दल तिची ख्याती.

''अगं झेलिंदा! गादी घेऊन कुठे निघालीस? दुसरा नवरा केलास की काय?''

''केला! दगडाचा आहे, म्हातारा आहे, आणि घोरत नाही!''

''पण तुझी चूल? आज मोजणी आहे ना?''

''माझं धुराडं पोतं गिळून बसलंय. कुणी भरवलं ते तुझ्या नवऱ्याला विचार, त्यालाही माहीत असेल.''

नुन्त्सियाताचं तोंड उघडंच राहिलं. असं ते क्वचितच आवाजाशिवाय उघडं राहायचं.

मेतातोत गारठा होता. गेल्या वर्षीच्या ओंडक्याचं एक अर्धवट जळलेलं थोटूक जमिनीवर पडलं होतं. झेलिंदाने त्याच्या पोटाशी निखारे ओतले, वर टरफलांचा ढीग लावला, आणि तिच्या आईने शिकवलं तसं ज्वाला दिसली की राखेने दाबायची, धुमसत ठेवायचं, असं सुरू केलं. धूर वर चढला, जाळीतून गेला, फरश्यांना जाऊन भिडला. मग भिंतीपाशी गादी टाकून ती तिच्यावर बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं की कशाचं ते तिने स्वतःला विचारलं नाही. मोजणीत मेतातो धरणार नाहीत, हे तिला कळत होतं. सेत्तिमियो म्हणणार, ही वाळवायची खोली, हे घर नव्हे. पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे दोन्हीकडे मान हलवणार. पण ती नाही म्हणायला आली होती, आणि ते ती धुराने म्हणत होती. ऐकू आलं नाही तरी म्हणणार होती.

दार किरकिरलं. ओलिवा आत आली. सेत्तिमियोची बायको, गावातली सगळ्यात मऊ बाई, जिचा आवाज ऐकायला माणसाला जवळ जावं लागायचं. तिच्या शालीखाली मडकं होतं.

''जाऊबाई,'' ती म्हणाली, ''पोतं आमच्या घरचं आहे.''

''ओळखलं मी. तुझं ठिगळ आहे त्याला.''

''पहाटे उठून गेले. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले मांजर अडकलंय.'' ओलिवाने मडकं पुढे केलं. ते निखाऱ्यांनी शिगोशिग भरलं होतं. ''हे घ्या.''

''मला आहे विस्तव. तुझ्या चुलीत असू दे.''

''माझ्या चुलीत काही नाही. हे सगळे काढून घेतले आणि वर पाणी ओतलं.''

झेलिंदा गादीवरून उठली. ''ओलिवा! आजच्या दिवशी? चुलीवर पाणी?''

''आपल्या पणज्या ओतायच्याच की. सरदाराला फसवायला.'' ओलिवाने मडकं खाली ठेवलं नाही. ''माझी दोन पोरं तिकडे जमिनीखाली आहेत, जाऊबाई. रानही जमिनीखाली गेलं तर ती परत कुठे येणार? मला कुणी विचारलं नाही. आता विचारायला त्यांना चूलच नाही.''

झेलिंदाने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हिला ती मेणाची बाहुली म्हणत आली होती, तोंडावरसुद्धा. तिला लाज वाटली आणि आनंदही झाला.

''ओत,'' ती म्हणाली. ''थोटकाच्या डाव्या बाजूला. तिकडे जरा कमी आहे.''

दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या नुन्त्सियाताचा आवाज आता गल्लीत घुमायला लागला होता. एका दारातून दुसऱ्या दारात तो जात होता, आणि प्रत्येक दारात आणखी वाढत होता. ''मांजर म्हणे! मांजर! अगं बायांनो, तुमची मडकी काय शोभेला आहेत?'' मग चुलींवर पाणी पडल्याचा चर्र आवाज इकडून, तिकडून. एकेक बाई मडकं घेऊन आत येऊ लागली. कुणी हसत होती, कुणी रडत होती, एक म्हातारी देवाची क्षमा मागत होती आणि निखारे ओतत होती. ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी पोती आणली. झेलिंदा जाळीवर चढलेल्या बाईवर खेकसत होती, ''पसर! ढीग नको, पसर! घरी गादीवर नवऱ्याला पसरू देतेस तसे!''

पुढचं पाद्री उबाल्दोंनीच नंतर सांगितलं. खडकावर पुरुष मोजणीला उभे होते. गावावर धूर होते, झेलिंदाच्या छपरावर नव्हता. सेत्तिमियो खाली बघत होता, कुणाच्या तोंडाकडे नाही. त्याने मोजायला सुरुवात केली आणि पहिलाच धूर त्याच्या डोळ्यांदेखत पातळ झाला, तुटला आणि गेला. तो त्याच्याच घराचा होता. मग शेजारचा. मग पलीकडचा. कुणीतरी म्हणालं वारा असेल, पण वारा नव्हता. बघता बघता सगळी गल्ली मेल्यासारखी झाली आणि खालच्या टोकाला मेतातोच्या छपरातून, एका जागेहून नव्हे, सगळ्या छपरातून, धूर उकळून वर यायला लागला. पाद्रीबाबा म्हणाले, आपण छातीवर क्रूसाची खूण केली, कारण काय म्हणायचं ते सुचेना.

पुरुष उतरून आले ते जवळजवळ पळत. मेतातोच्या दारात बायका उभ्या होत्या, काजळी लागलेल्या तोंडांनी, रिकामी मडकी हातात धरून. सेत्तिमियो ओलिवाला बघून थांबला.

''चूल विझवलीस?''

''मांजर अडकलं होतं,'' ओलिवा म्हणाली. या वेळी तिचा आवाज ऐकायला कुणाला जवळ जावं लागलं नाही.

झेलिंदा आतून बाहेर आली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

''मोजणी सांगा, भावजी. कुंडीपाशी सांगायची असते, पण सगळं गाव इथेच आहे.''

''कसली मोजणी! ही काय रीत झाली? मेतातो म्हणजे घर नव्हे!''

''मी इथे झोपते. गादी बघा. आणि हे शिजतंय.'' खरंच निखाऱ्यांच्या कडेला कुणीतरी पिठाच्या घाट्याचं भांडं ठेवलं होतं.

''आजच्या आज झोपायला लागलात?''

''थांबा, आत्ता झोपून दाखवते.'' आणि ती आत गेली, गादीवर आडवी झाली, बूट घातलेले पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. ''झोपले. मोजा.''

बायका हसल्या. मागे दोन-तीन पुरुषही हसले, आणि मग टोप्या सावरून गंभीर झाले.

सेत्तिमियो पाद्रीबाबांकडे वळला. ''तुम्ही सांगा यांना. हे धरायचं नाही.''

पाद्री उबाल्दो जन्मभर दोन्हीकडे मान हलवत आलेला माणूस. पण त्या दिवशी ते गारठले होते, आणि त्यांची स्वयंपाकीणसुद्धा रिकामं मडकं घेऊन त्या बायकांत उभी होती.

''सेत्तिमियो,'' ते म्हणाले, ''हा धरायचा नसेल तर गावात धूरच नाही. धूर नाही तर गाव नाही, आणि गाव नाही तर विकणार कोण? धरायचा असेल तर एक आहे.''

वरच्या जाळीवर चेस्टनट तडतडत होते. सेत्तिमियोने टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा घातली. मग मुखियाने म्हणायचं असतं ते तो म्हणाला, दरवर्षी म्हणतो त्याच शब्दांत, पण इतकं हळू की मागच्यांना पुन्हा विचारावं लागलं.

''सास्सोरोन्को. धूर एक. रान कारखान्याला द्यायचं का?''

''नाही!'' झेलिंदा गादीवरून ओरडली. डोळे तिने उघडले नाहीत.

दुपारनंतर थंडी वाढली. घराघरांत चुली गार, आणि काडीने पेटवायची कुणाची हिंमत नव्हती. अपशकुनाची भीती म्हणा किंवा बायकांची. एकेक पुरुष स्वतः मडकं घेऊन मेतातोच्या दारात आला. झेलिंदा आत बसली होती. ती कुणाला नाही म्हणाली नाही. फक्त प्रत्येकाला एकच विचारायची, ''ओंडका कुठे आहे?'' आणि तो परत फिरायचा, खांद्यावर ओंडका घेऊन यायचा, मग त्याच्या मडक्यात निखारे पडायचे. अंधार पडायच्या आत भिंतीपाशी हिवाळाभर पुरेल एवढं लाकूड रचलं गेलं.

सगळ्यात शेवटी सेत्तिमियो आला. त्याच्या हातात ओंडका होता, मडकंही होतं.

''वहिनी, विस्तव.''

''ओंडका ठीक आहे. दुसरं काहीतरी राहिलं.''

त्याला कळलं. तो गेला, शिडी घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला चढला, आणि सगळ्या गावाच्या देखत तिच्या छपरावर जाऊन धुराड्यात खांद्यापर्यंत हात घातला. उतरला तेव्हा पोत्यासारखाच काळा झाला होता. ओलं, काजळलेलं पोतं त्याने तिच्यापुढे ठेवलं. झेलिंदाने त्याच्या मडक्यात निखारे भरले, चांगले लाल, निवडून.

''थोरल्याचा खोकला कसा आहे?'' तिने विचारलं.

''तसाच.''

''पीठ झालं की त्याला पाठवा. माझ्या वाट्यातलं नेऊन द्या. आणि लिहा, रान आहे म्हणावं.''

सेत्तिमियोने मान हलवली. मडकं घेऊन तो दोन पावलं गेला आणि वळला. ''पोतं राहिलं. ओलिवाचं आहे.''

''ओलिवाला मी नवीन शिवून देईन,'' झेलिंदा म्हणाली. ''हे माझं.''

तिने ते धुतलं नाही. पुढच्या वर्षी संत मार्टिनच्या सकाळी, पुरुष खडकाकडे निघायच्या आधी, ते काळं पोतं तिने कमानीत एका खिळ्याला टांगलं. त्यानंतर जिवंत होती तोवर दरवर्षी टांगलं, आणि आपलं धुराडं मोकळं असतानाही त्या रात्री मेतातोत गादी टाकून झोपली. बाकीचे पुरुष पोत्याच्या कडेने, थोडे बाजूला होऊन निघून जायचे. सेत्तिमियो उंच होता. त्याला त्याच्याखालून वाकूनच जावं लागायचं.